घमेल्यातली नॉर्वे

ठराव क्रमांक १७ : सर्वसाधारण सदस्य रोशन निखाडे याचे सदस्यत्व आजपासून रद्द करण्यात येत आहे. सूचक गजानन पिंपळशेंडे, अनुमोदक पल्लवी कन्नाके. ठराव एकमताने मंजूर.

असं काही झालं नाही.

मंडळाची दोनशे पानी वही आजही माझ्याकडे आहे. सचिव मी होतो, अक्षर माझं आहे. तिच्यात ठराव क्रमांक १६ आहे (गजूच्या मामांनी आवाजाबद्दल पुन्हा तक्रार करू नये म्हणून त्यांना मानद सदस्यत्व देणे), आणि त्यानंतर थेट १८. कोणी विचारलंच तर मी सांगतो की सचिव गणितात कच्चा होता. सात वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

झालं ते एवढंच. मे महिना होता, रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते.

"शटर वर कर बे, नॉर्वे वितळून राहिली!"

रोशन बाहेरून ओरडत होता. गजूनं शटर गुडघ्याइतकं वर केलं. फटीतून आधी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी आत सरकली, मग रोशन. लादी आम्ही सिमेंट कालवायच्या घमेल्यात ठेवली, घमेलं दुकानाच्या मधोमध ठेवलं आणि चौघं त्याच्याभोवती बसलो. शेकोटीभोवती बसतात तसे, फक्त उलट.

बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. चंद्रपुरात मे महिन्यात रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आधी सावली मोजतं आणि मग बसतं. अशा गावात आम्ही दर रविवारी, मोबाइल दुरुस्तीच्या बंद दुकानात, नॉर्वेतल्या एका माणसाची बर्फावरची गाणी ऐकायचो.

त्या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. बँडचं नाव टोर्व्हमिर आणि बँडमध्ये तो एकटाच. गिटार त्याची, ड्रम त्याचे, किंचाळणंही त्याचंच. त्याचा एकच फोटो उपलब्ध होता, त्यात तो जंगलात पाठमोरा उभा आहे. गजूचं म्हणणं होतं की तो माणूस नसून झाडही असू शकतं.

ज्यांनी ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दूर दरीत कोणीतरी किंचाळतंय. मध्ये दाट धुकं. धुक्यात तीन-चार गिटारी एकसारख्या, न थांबता, पत्र्यावर पाऊस पडावा तशा वाजताहेत. चौदा-चौदा मिनिटं. आधी डोकं दुखतं. मग तुम्ही धुक्यात शिरता आणि डोकं कुठे ठेवलं होतं तेच आठवत नाही. गजूच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती वरच्या मजल्यावर जाऊन मिक्सर चालू राहिलाय का, ते बघून आली होती.

मंडळाचं पूर्ण नाव 'चंद्रपूर जिल्हा ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल रसिक मंडळ, नियोजित'. गणपती मंडळाकडे जे जे असतं ते आमच्याकडे होतं. गणपती आणि वर्गणी सोडून. गजू अध्यक्ष, कारण दुकान आणि स्पीकर त्याचे. पल्लवी उपाध्यक्ष, कारण ती पॉलिटेक्निकला होती आणि अल्बमची नावं डिक्शनरी लावून मराठीत आणायची. मी सचिव. आणि रोशन सर्वसाधारण सदस्य. सगळेच पदाधिकारी झाले तर सभा घ्यायची कोणाची?

पण रोशनला एक पद होतं, वहीत नसलेलं. तो मंडळाचा कान होता.

दुसऱ्या अल्बमचं नाव पल्लवीनं 'बर्फाखालचं गाव' असं लावलं होतं. त्यातलं चौथं गाणं आम्ही पन्नासेक वेळा ऐकलं असेल. एकावन्नाव्या वेळी रोशननं हात वर केला आणि म्हणाला, "चिमणी."

"कुठे बे?"

"गाण्यात. ड्रम थांबल्यावर. मागे लावा."

मागे लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. नुसती गिटारीची बारीक सळसळ. सहाव्या वेळी पल्लवीच्या अंगावर काटा आला, मग गजूच्या, शेवटी माझ्या. दहा मिनिटं बावन्न सेकंदांवर, सगळ्या धुक्याच्या मागे, एक पक्षी ओरडतो. एकदाच. सुईच्या टोकाएवढा आवाज. बहुधा तो माणूस झोपडीत रेकॉर्डिंग करत असताना खिडकी उघडी राहिली असावी. इंटरनेटवर कुठेही त्याचा उल्लेख नव्हता. अख्ख्या जगात ती चिमणी फक्त चंद्रपुरात ऐकू आली होती, आणि ती घुग्घुसच्या रोशन निखाडेला.

रोशन तिकडच्या एका खाणीवर कंत्राटी कामाला होता. कोळसा फोडायच्या मशीनवर, क्रशरवर, आठ-आठ तास. कानांवर ठेकेदारानं दिलेली जाड झाकणं, आणि झाकणांच्या आत रोशनचे स्वतःचे इअरफोन. "क्रशर खाली अन् टोर्व्हमिर वर, असा आवाज ठेवतो मी," तो छाती फुगवून सांगायचा. मंडळानं त्याबद्दल त्याच्या अभिनंदनाचा ठराव घेतला होता. क्रमांक नऊ. तो वहीत आहे.

तर त्या रविवारी पाचवा अल्बम आला होता. 'तळघरातला दिवा'.

नियम तीन असा होता : नवीन अल्बम पूर्ण आवाजात, सलग तीन वेळा ऐकल्याशिवाय कोणी मत देऊ नये, ऐकताना कूलर बंद ठेवावा, इतिवृत्त लिहिताना चालू करावा. हा नियम मी लिहिला होता. 'पूर्ण आवाजात' हे शब्दही माझेच.

तिसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा नॉर्वे अर्धी उरली होती आणि आमचे शर्ट पाठीला चिकटले होते.

"मेला," गजू म्हणाला.

"कोण?" मी विचारलं.

"टोर्व्हमिर. माझ्यासाठी मेला. हे काय आहे बे? चेलो? पियानो? अन् तो खर्जात हम्म हम्म करून राहिला, ते? मी काय पाळण्यात आहो का?"

पल्लवी बर्फावर बोटानं रेघा ओढत होती. "पयले दोन टेपवर केले होते. तिसऱ्यात कीबोर्ड आला. मी म्हटलं, ठीक आहे, थंडीत माणूस घरात बसणारच. चौथ्यात साफ आवाजात गायला. मी म्हटलं, घसा बसला असेल. आता मी कितीक दिवस घशाचं कारण देऊ?"

"लग्न झालं त्याचं," गजू म्हणाला. "सुखी माणसाचं ब्लॅक मेटल म्हणजे बिनतिखटाचं सावजी."

"पोरगी झाली असेल," मी म्हणालो. "झोपत नसेल. सहावा अल्बम येईल, 'दात येताना'."

पल्लवी हसली. गजू हसला नाही. अध्यक्ष सभेत हसत नसे. रोशन घमेल्याकडे बघत होता. मग त्यानं आमच्या तोंडांकडे बघितलं, एकेक करून, आणि म्हणाला, "मले तर हाच आवडला."

"काय?"

"पाचवा. सगळ्यात चांगला आहे हा."

हे वाक्य किती भयंकर होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. समजा मारुतीच्या देवळात, आरती चालू असताना, कोणी शांतपणे म्हणालं की मला माकडं आवडत नाहीत.

"कायले आवडला?" गजूनं अगदी हळू विचारलं.

रोशननं त्याच्या ओठांकडे बघितलं. "याच्यात सगळं ऐकू येते."

"तेच तर वाईट आहे ना बे! सगळं ऐकू यायले हे काय बातम्या आहेत का? ब्लॅक मेटलमध्ये थोडं ऐकू आलं पाहिजे, बाकी समजून घ्यावं लागते!"

"मी समजूनच घेत होतो गज्या. दोन वर्षं झाली." मग रोशन हातानं दाखवत म्हणाला, "पाय ना, पयल्या अल्बममध्ये तो पार वर होता. झाडाच्या शेंड्यावर. मग दर अल्बमले एक-एक फांदी खाली आला. आता जमिनीवर उतरला. मले असं वाटते का, माझ्यासाठीच उतरला तो."

बर्फाच्या लादीवरून पाणी घमेल्यात टपकत होतं. रोशन एवढं लांब कधी बोलत नसे. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"अध्यक्ष म्हणून विचारतो," गजू म्हणाला. "'बर्फाखालचं गाव' शेवटचं कधी ऐकलं तू?"

"रोज ऐकतो."

"रोज ऐकून हा आवडते?" गजू माझ्याकडे वळला. "याचे कान गेले. लिही वहीत."

मी थट्टेनं पेन उचललं. रोशनची मान झटकन वर झाली.

"नाही गेले," तो म्हणाला. "कान नाही गेले माझे. चिमणी लाव. आत्ता लाव. स्क्रीन तिकडे फिरव, मी डोळे मिटतो. चिमणी आली का हात वर करतो. नाही केला तर काढून टाका मले मंडळातून."

"आणि आला वर तर?" पल्लवीनं विचारलं.

"तर मले पाचवा आवडला, असं वहीत लिहा. लाल पेनानं."

गजूनं लॅपटॉप भिंतीकडे फिरवला. चौथं गाणं लावलं. रोशन मांडी घालून, डोळे मिटून, ताठ बसला. प्रसादाच्या रांगेत पहिला नंबर लागलेल्या माणसासारखा. ड्रम सुरू झाले, दुकानातली मोबाइलची काचेची कपाटं थरथरू लागली, आणि रोशनचं डोकं ड्रमवर बरोबर हलायला लागलं.

आता माझ्याबद्दल. मी मंडळाचा विनोदी सदस्य. लग्नात नवऱ्याचे जोडे लपवणारी माणसं असतात ना, तसा. अँप्लिफायर माझ्या उजव्या हाताशी होता. नऊ मिनिटं दहा सेकंदांनी ड्रम थांबतात. तिथून चिमणीपर्यंत फक्त गिटारीची सळसळ असते, एक मिनिट बेचाळीस सेकंद. ड्रम थांबले. मी गजूकडे बघून डोळा मारला आणि आवाजाचं बटण फिरवत फिरवत शून्यावर आणलं.

दुकान एकदम शांत झालं. पल्लवीनं तोंडावर ओढणी दाबली. गजूनं माझ्या दंडाला चिमटा काढला. आम्ही वाट बघत होतो की रोशन आता डोळे उघडेल, म्हणेल, "काय बे चाळे करून राहिला?" आणि आपण सगळे हसू आणि तो विषय तिथेच संपेल. मी एवढंच योजलं होतं. वहीत शपथेवर लिहून देतो.

रोशननं डोळे उघडले नाहीत.

वरच्या मजल्यावर गजूच्या आईनं पाटा ओढला, तो ऐकू आला. रस्त्यावरून बारीक घंटी वाजवत कुल्फीवाला गेला. घमेल्यात थेंब पडला. अजून एक पडला. रोशन ताठ बसला होता, चेहऱ्यावर तेच, देवासमोरचं. फक्त त्याचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक पेर, दुसरं पेर, तिसरं. माझी आजी जप करायची तसा. मी पाहिलं ते. गजूनंही पाहिलं.

एक मिनिट बेचाळीस सेकंद हा फार मोठा वेळ असतो.

मग त्यानं हात वर केला.

"आली," तो म्हणाला. "चिमणी."

आम्ही फुटलो. पल्लवी आडवी पडून हसायला लागली. गजू अध्यक्ष असूनही हसला. मीही हसलो, माझाच विनोद होता. हसता हसता मी बटण परत वर केलं, गाण्यातले ड्रम परत आले आणि रोशननं डोळे उघडले. आम्हाला हसताना बघून तोही हसायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बरोबर आली ना?"

"एकदम बरोबर!" गजू म्हणाला. "सेकंदाले सेकंद!"

"म्हटलं होतं ना मी!" रोशननं माझ्या पाठीत धपाटा घातला. "लिही आता, लाल पेनानं!"

गजूनं नियमाप्रमाणे कूलर चालू केला. त्या कूलरचा आवाज म्हणजे एसटी चढावर लागल्यासारखा. मग तो माझ्या कानाशी वाकला आणि ओरडून बोलला, "मोजून राहिला होता! पायलं ना? रट्टा मारून बसला आहे, ऐकतच नाही! असा माणूस मंडळात कसा चालेल? त्यानंच म्हटलं ना, काढा म्हणून? लिही ठराव."

"मजाक होती यार," मी म्हणालो.

"मजाक तू केली. चिटिंग त्यानं केली."

पल्लवीचं हसू ओसरलं होतं. "मले तर वाईट वाटलं," ती म्हणाली. "खोटं खोटं डोळे मिटून बसला. ते बर्फाचं गाव आपलं होतं ना रे. त्याच्याशी असं करते का कोणी?"

मी लिहिलं. वर दिलाय तो ठराव, लाल पेनानं. लिहून झाल्यावर वाचून दाखवायची पद्धत होती. मी वहीत मान घालून, कूलरसमोर, भराभर वाचला. सभेला हजर असलेल्या सगळ्यांनी खाली सही करायची, हीसुद्धा पद्धत. रोशननं वही ओढून घेतली, नेहमीच्या जागी, सगळ्यात खाली, न वाचता सही केली. हसत केली. वर म्हणाला, "पुढच्या रविवारी पूर्ण लादी आणतो. आज लवकर संपली."

गजू माझ्याकडे बघून ओरडला, "निर्लज्ज आहे बे हा!"

मला त्या वेळी कळलं होतं का? इतिवृत्तात तशी नोंद नाही.

पुढच्या रविवारी अकराला शटर वाजलं. गजूनं ओठांवर बोट ठेवलं.

"नॉर्वे आणली बे! पूर्ण!"

आम्ही तिघं आत, कूलर लावून बसलो होतो. गजू शटरजवळ जाऊन आतून म्हणाला, "तुले काढलं ना मंडळातून. जा घरी." शटर पुन्हा वाजलं. गजूनं आवाज चढवून तेच सांगितलं. शटर पुन्हा वाजलं, तळहातानं, धीरानं, घरच्या माणसानं वाजवावं तसं.

"नाटकं करून राहिला," गजू परत येऊन बसला. "ऐकून न ऐकल्यासारखं."

माझ्या खिशात मोबाइल थरथरला. रोशनचा मेसेज होता. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता, कारण ब्लॅक मेटल आणि गुड मॉर्निंग एकत्र नांदू शकत नाहीत; त्यामुळे मेसेज मला एकट्यालाच होता. 'कुठे आहे बे सगळे? दुकान बंद आहे. नॉर्वे वितळून राहिली.'

मी मोबाइल उलटा करून वहीखाली ठेवला.

पंधरा मिनिटांनी शटरखालून पाणी आत आलं. आधी एक रेघ, मग दुसरी. फरशीच्या उतारावरून हळूहळू येत ते आमच्या रिकाम्या घमेल्यापाशी पोचलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेलं. पल्लवी पाय वर घेऊन बसली. दीडच्या सुमाराला गजूनं शटर उचललं तेव्हा बाहेर पायरीवर ओलं गोणपाट होतं, नीट घडी केलेलं. वाळायला सुरुवात झाली होती.

त्यानंतर मंडळ टिकलं नाही. बर्फ आणायला कोणी नव्हतं, आणि नॉर्वे नसली की सेहेचाळीस डिग्रीत ती गाणी नुसती गरम लागतात. जुलैत गजू आणि पल्लवीचं तिसऱ्या अल्बमच्या कीबोर्डवरून असं भांडण झालं की ती परत आली नाही. ठराव क्रमांक १८ : पुढील सभेची तारीख नंतर कळवण्यात येईल.

दिवाळीच्या आधी गोल बाजारात मला रोशनची आई भेटली. मी दुसऱ्या गल्लीत वळणार होतो, पण काकूंनी पिशवीसकट हात धरला.

"बाबू, तू येऊनच नाही राहिला घरी. ये ना. कोणासंगच बोलत नाही तो."

"कामावर जातो ना?"

"काम तं जूनमध्येच गेलं. तपासणी झाली ना तिथं." त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. "तुले सांगतलं नाही का त्यानं?"

मी त्याच दुपारी घुग्घुसला गेलो. काकूंनी दारातच समजावलं : समोर बस, तोंडावर उजेड पडू दे, ओरडू नको, सावकाश बोल. रोशन पलंगावर बसला होता. डाव्या कानामागे मातकट रंगाची, ऐकायची मशीन.

"आला का सचिव," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "वही आणली?"

"नाही आणली."

"वरचं सगळं गेलं यार माझं. नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली. डोंगरावरून उतरते तशी, एकदम खाली. मी म्हटलं, डॉक्टर, हे तर टोर्व्हमिरच्या अल्बमचं कव्हर आहे." तो हसला. "खालचं आहे थोडं. ढोल येते, ट्रक येते, बाबांचं घोरणं येते. चिमणी-बिमणी नाही येत. आईच्या बांगड्या नाही येत."

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं. डॉक्टरनं विचारलं, कायनं गेलं, क्रशरच्या आवाजानं का इअरफोनच्या? मी म्हटलं, दोघं भाऊ-भाऊ, वाटणी कशी करू."

काकू चहा ठेवून गेल्या. कपबशीचा खळकन आवाज झाला, तो फक्त मला आला.

"सांगायचं होतं ना बे," मी म्हणालो.

"काय सांगू? मंडळाचा कान होतो मी." त्यानं बशीत चहा ओतला. "त्या दिवशी गजू म्हणाला ना, कान गेले, तर माझी हवाच गेली. म्हटलं, कळलं याले. म्हणून चिमणी लावायले लावली. खरं सांगू? मोजलं मी. ड्रम थांबल्यापासून. एकशे दोन. रोज रात्री घोकायचो. तुम्हाले नाही ना समजलं?"

मी त्याच्या समोर बसलो होतो. तोंडावर उजेड होता.

"नाही," मी सावकाश म्हणालो. "कोणालेच नाही समजलं."

तो खूष झाला. "एका रविवारी लय वेळ उभा होतो मी दुकानासमोर. पूर्ण लादी घेऊन. तुम्ही नव्हते ना कोणी?"

"नव्हतो."

"मेसेज टाकला तुले."

"मोबाइल बंद होता."

"मले वाटलंच." त्यानं मान हलवली. "मग तपासणी झाली, नागपूरले चकरा झाल्या. अन् फोनवर मले समजत नाही आता. पाचवा ऐकतो पण. स्पीकरवर हात ठेवून. चेलो तळहातात येते." मग त्यानं विचारलं, "मंडळ आहे का चालू?"

"बंद झालं."

"पण माझं नाव आहे ना वहीत?"

"आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि बशी दोन्ही हातांनी तोंडाला लावली.

घरी येऊन मी वहीतलं ते पान फाडलं. शिवणीत दातेरी काठ राहिला, तो ब्लेडनं साफ केला. नियमानुसार ठराव रद्द करायला सभा लागते, गणपूर्ती लागते, तिघांच्या सह्या लागतात. गणपूर्ती नव्हती. म्हणून तो ठराव रद्द झालेला नाही. तो झालेलाच नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर एक अर्ज आहे. सात वर्षांत त्यात मी बऱ्याच दुरुस्त्या केल्या. तो अजून पाठवलेला नाही, कारण पत्ता अपुरा आहे.

प्रति,
मा. टोर्व्हमिर (एकमेव सदस्य, पाठमोरे),
नॉर्वेतील जंगल.

विषय : 'बर्फाखालचं गाव' या अल्बममधील चौथ्या गाण्यातील पक्ष्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गाण्यात दहा मिनिटे बावन्न सेकंदांनी ओरडणारा पक्षी आमच्या मंडळाच्या एका सदस्यास ऐकू येत नाही. सदस्य नियमित असून त्याचे नाव वहीत आहे. सदर पक्षी प्रथम त्यानेच शोधून काढला होता, ही बाब कृपया विचारात घ्यावी. तरी सदर पक्ष्यास एकदा, फक्त एकदाच, चेलोइतक्या खालच्या आवाजात ओरडण्याचे आदेश व्हावेत. पक्षी हयात नसल्यास त्याच्या वारसांकडून हे काम करून घ्यावे. सदस्याने मोजणी पूर्ण करून हात वर केलेला आहे. तो हात खाली येण्यापूर्वी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.